नाक्सोसच्या घाटात सायकलवर

तुमच्यापैकी किती जणींना सायकल येते असं विचारलं, तर बहुतेक हात वर होतील. पण शेवटची कधी चालवली होती असं विचारलं, की तेच हात हळूच खाली येतील. माझाही आला असता.

कॉलेजात असताना वडिलांनी मला हिरव्या रंगाची लेडीज सायकल घेऊन दिली होती. लग्नानंतर ती माझ्याबरोबर कोल्हापुरात सासरी आलीसुद्धा. पण नव्या सुनेनं पेठेतून सायकलवर हिंडायचं म्हणजे... कुणी 'नको' म्हटलं नाही, बरं का! फक्त धाकट्या भाओजींना क्लासला जायला ती सोयीची आहे, असं आपोआप ठरलं. लेडीज सायकल चालवायची त्यांना लाज वाटू नये, इतकी ती चांगली होती. पुढे मी यांच्या मागे कॅरिअरवर, मग स्कूटरवर, आणि आता गाडीत शेजारी. माझी तक्रार नव्हती. तक्रार करायला आठवण तरी राहावी लागते.

तर अशी मी, वय वर्षं बासष्ट, गेल्या मे महिन्यात ग्रीसमधल्या नाक्सोस नावाच्या बेटावर विजेच्या सायकलवर बसले. कशी, ते सांगते.

आमची लेक नेदरलँड्समध्ये असते. तिथे आजीबाईसुद्धा भाजी आणायला सायकलवरून जातात. आठ दिवस ग्रीसला जायचं ठरलं, तेव्हा तिनं माझं आणि तिचं नाव एका सायकल-सहलीत परस्पर घालून टाकलं. गाइड बरोबर, सहा-सात माणसं, बेटाच्या पोटातली जुनी खेडी पाहायची, आणि शेवटच्या गावाहून सायकलींसकट गाडीतून परत. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालेलं, म्हणून यांचं नाव नव्हतं. आदल्या रात्री नातवाला ताप भरला. लेक म्हणाली, "आई, मी राहते, तू जा."

"एकटी? आणि डोंगरात?" हे म्हणाले. "पैसे गेले तर जाऊ देत."

खरं सांगू? ते तसं म्हणाले नसते, तर मीच म्हटलं असतं. त्यांनी म्हटल्यामुळे मी गेले.

आता आधी बेटाची ओळख करून देते. ग्रीसच्या आग्नेयेला समुद्रात बेटांचा एक पुंजका आहे, त्याला सिक्लाडीज म्हणतात. त्यात नाक्सोस सगळ्यांत मोठं. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीनं पाच-साडेपाच तास लागतात. बोट धक्क्याला लागायच्या आधीच डाव्या हाताला एक प्रचंड संगमरवरी चौकट दिसते. नुसती चौकट! देऊळ नाही, भिंती नाहीत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलो देवाचं देऊळ बांधायला घेतलं, ते अर्धवट राहिलं, आणि दार तेवढं उरलं. त्याला पोर्तारा म्हणतात. याच बेटावर थीसियस नावाच्या वीरानं आरियाद्नेला झोपेत सोडून जहाज हाकारलं, अशी कथा आहे. आपला दुष्यंत निदान शापामुळे विसरला होता!

किनाऱ्यावरचं गाव म्हणजे होरा. पांढरी घरं, हॉटेलं, पर्यटकांची गर्दी. पण बेटाची खरी वस्ती आत, डोंगरात. समुद्रावरून चाचे येत, म्हणून शहाण्या माणसांनी समुद्राकडे पाठ करून दऱ्याखोऱ्यांत गावं वसवली. मध्ये झास नावाचा डोंगर, उंची हजार मीटरच्या वर, सगळ्या सिक्लाडीजमधला सर्वांत उंच. झास म्हणजे ग्रीकांचा देवराज झ्यूस, तो इथे वाढला म्हणतात. आमची सहल त्याच्या अंगाखांद्यावरची.

सकाळी आठ वाजता दुकानासमोर उभी राहिले. एक जर्मन आजी-आजोबा, एक फ्रेंच जोडपं, दोघी मैत्रिणी कुठल्याशा, आणि मी, सलवार-कुर्त्यात. गाइड पंचविशीतली मुलगी, याच बेटावरची. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? माझी ओढणी काढून पिशवीत घालायला लावली, आणि सलवारीच्या उजव्या पायाला रबराचा पट्टा बांधला. चाकात अडकली तर गळ्याला फास. तुम्हीही हे लक्षात ठेवा, इथल्या स्कूटरवरसुद्धा.

या सायकलीविषयी माझी समजूत अशी होती, की बटण दाबायचं आणि बसून राहायचं. तसं मुळीच नाही हो! तुम्ही पायडल मारलंत तरच मोटार ढकलते. पाय थांबले की तीही थांबते. युरोपातल्या नियमानं मोटार जास्तीत जास्त २५० वॉटची, आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तिची मदत आपोआप बंद. आपल्या घरातला मिक्सर ५०० किंवा ७५० वॉटचा असतो, म्हणजे त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी ताकद. आमच्या सायकलींची बॅटरी ५०० वॉट-अवरची, म्हणजे आपल्या बिलात जे युनिट असतं ना, त्यातलं अर्धं. एवढ्या विजेवर माणूस घाट चढतो! पण सायकल अंगानं जड, चोवीस-पंचवीस किलो. भरल्या सिलिंडरपेक्षा थोडीच कमी.

हँडलवर मदतीच्या चार पायऱ्या असतात. सर्वांत खालची 'इको', सर्वांत वरची 'टर्बो'. गाइडनं बजावलं, "इकोत राहा. चढ आला तर एक पायरी वर. टर्बो अगदी अडलं तर. बॅटरी दिवसभर पुरवायची आहे." मी मान डोलावली. आणि तिची पाठ वळताच टर्बो लावला.

भीती, दुसरं काय? सगळ्यांच्या मागे पडले तर? चारचौघांत 'ही बाई थांबली' असं झालं तर? पहिले दहा मिनिटं हँडल इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली. पण मैत्रिणींनो, शरीराला आठवतं. तोल, वळणावर जरा कलणं, उतारावर पाय सारखे धरणं, चाळीस वर्षं न विचारता पडून राहिलेलं सगळं एकेक करून वर आलं.

पहिला मुक्काम फ्लेरियोचा. फळबागेत, झाडांच्या सावलीत, एक दगडी तरुण उताणा पडलेला आहे. सहाएक मीटर लांब. अडीच हजार वर्षांपूर्वी खाणीतच घडवायला घेतला, वाहून नेताना पाय मोडला असावा, आणि तिथेच टाकून दिला. अशा पुतळ्यांना कुरोस म्हणतात. डोळे-नाक अजून उमटलेलं नाही, पण मांड्यांची गोलाई दिसते. पायापाशी मोडलेला पाहून मला एकदम यांची आठवण झाली. हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं.

तिथून किनीदारोसकडे चढ लागतो. किनीदारोस म्हणजे संगमरवराच्या खाणींचं गाव. डोंगर कापून पांढरे ठोकळे काढलेले लांबून दिसतात, बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेल्या भिंती, चुना नाही, माती नाही. कोकणातल्या मैत्रिणी लगेच ओळखतील: गडगे! माझं माहेर राजापूरकडचं, तेव्हा मला ते पाहून बरं वाटलं. दगड रचायच्या या कलेला युनेस्कोनं २०१८ साली मानाच्या यादीत घेतलं, त्यात ग्रीस आहे. गडग्यांनी उतार बांधून काढलाय आणि त्या पायऱ्या-पायऱ्यांवर ऑलिव्हची झाडं.

असल्याच एका गडग्यानं मला प्रसाद दिला. चढावर फोटो काढायला थांबले होते. पुन्हा निघताना पायडलवर जोर दिला, मदत टर्बोवर होती हे विसरले, आणि सायकलीनं एकदम उडीच घेतली. मी गडग्यावर. कोपर खरचटलं, पायडल नडगीला लागलं. गाइड धावत आली, पाण्यानं धुतलं, पट्टी लावली. सगळे थांबून राहिलेले. फ्रेंच बाई काही प्रेमळपणानं बोलली, ते कळलं नाही, पण कीव कळते. त्या क्षणी कुणी रिक्षा आणली असती तर मी बसले असते.

रिक्षा नव्हती. म्हणून पुढे गेले.

मोनीजवळ रस्त्याच्या कडेला पानाया द्रोसियानी नावाचं छोटं चर्च आहे, सहाव्या-सातव्या शतकातलं. ओबडधोबड दगडांचे घुमट, जणू शेतातच उगवलेले. आत काळोख, मेणबत्तीचा वास, भिंतींवर पुसट झालेली जुनी चित्रं. इथे उघडे खांदे चालत नाहीत. पिशवीतली ओढणी इथे कामी आली. एक माझ्या खांद्यावर, आणि गाइडनं मागून घेतलेली दुसरी त्या फ्रेंच बाईच्या खांद्यावर. (मी नेहमी दोन ठेवते. तुम्ही नाही ठेवत?) आता जरा बरोबरी झाल्यासारखी वाटली.

मग हाल्कीपर्यंत उतार. हाल्कीबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे.

एके काळी हे बेटावरचं व्यापाराचं मोठं गाव. दोनमजली सुबक घरं, दारापुढे बोगनवेल, आणि चौकाजवळ एक जुनी भट्टी. १८९६ पासून तिथे 'कित्रोन' नावाचं मद्य काढतात. मद्याचं मला काय, असं म्हणून मी बाहेरच उभी राहणार होते. पण दारातल्या टोपलीतलं फळ पाहिलं आणि थबकले. जाड, खडबडीत, पिवळं, नाकाशी नेलं तर लिंबू आणि फूल एकत्र. अहो, महाळुंग! आपल्या अंबाबाईच्या हातात असतं ना, तेच! कोल्हापुरात जन्म गेला, रोज दर्शनाला जाते, पण प्रत्यक्ष महाळुंग हातात घेतलं ते ग्रीसमध्ये.

गंमत अशी, की मद्य फळाचं नाहीच, पानांचं. महाळुंगाची पानं मद्यार्कात भिजवतात आणि तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करतात. मग साखर. तीन रंगांत मिळतं: हिरवं सौम्य आणि गोड, पिवळं सर्वांत कडक, आणि बिनरंगी मधलं. मी वास घेतला. (बरं, हिरवं जिभेला लावलं. पण पुढे घाट चढायचा होता.)

फळाची साल मात्र वाया जात नाही, आणि हे तुमच्यासाठी. साल जाडसर कापून दोन-तीनदा पाणी बदलून उकळतात, म्हणजे कडवटपणा जातो. मग साखरेच्या पाकात शिजवायची, शेवटी लिंबू पिळायचं, म्हणजे पाक बसत नाही. आपल्या मुरांब्याचीच बहीण. पाहुणा आला की बशीत चमचाभर आणि शेजारी गार पाण्याचा पेला. या प्रकाराला ते 'चमच्याची मिठाई' म्हणतात. आपण गूळ-पाणी देत होतो ना, तसं. इथे महाळुंग मिळालं नाही तर पपनसाच्या सालीची करून बघा, मी केली, छान होते.

आणि शाकाहारी मैत्रिणींसाठी एक शब्द पाठ करून ठेवा: 'निस्तीसिमो'. म्हणजे उपासाचं. तिथल्या लोकांच्या उपासात मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणीसुद्धा नाही. हा शब्द उच्चारला की तेलातली फरसबी, टोमॅटोच्या रसातले पांढरे मोठे घेवडे, भात भरलेल्या मिरच्या असं काहीबाही पुढे येतं. दूध चालत असेल तर बेटावरचं ग्राविएरा चीज जरूर खा. आणि बटाटे! नाक्सोसच्या बटाट्याचं ग्रीसभर नाव आहे.

हाल्कीत असतानाच यांचा फोन. "कुठवर आलीस? दमली असशील, तर गाडी बोलावून परत ये."

"तुम्ही जेवलात का? औषध घेतलंत?" मी विचारलं. कोपराचं बोलले नाही. तेही पुढे काही बोलले नाहीत.

हाल्कीहून फिलोती अडीच-तीन किलोमीटर. झासच्या पायथ्याशी उतरत्या डोंगरावर पसरलेलं गाव, चौकात चिनारचं डेरेदार झाड, त्याखाली खुर्च्या, आणि खुर्च्यांत म्हातारे. बायका कुठे आहेत असं मी विचारलं, तर गाइड हसली, "घरात. स्वयंपाक कोण करणार?" ग्रीक कॉफी आली, इवल्याशा कपात. तळाशी गाळ असतो, शेवटचा घोट घेऊ नका. साखर किती ते आधीच सांगायचं, नंतर ढवळता येत नाही.

इथे गाइडनं सगळ्यांच्या बॅटऱ्या पाहिल्या. कुणाच्या तीन रेघा, कुणाच्या दोन. माझी एक.

"टर्बो?" तिनं विचारलं.

मी खाली पाहिलं. चोरून डबल साय खाल्लेल्या मुलीसारखं झालं. उतारावर बॅटरी पुन्हा भरते, अशीही माझी एक समजूत होती. आमच्या सायकलींची तरी भरत नव्हती.

पुढे अपिरांथोसपर्यंत आठ-नऊ किलोमीटर, बराचसा चढ. गाडी मागून येतच होती. जर्मन आजोबांनी आनंदानं सायकल गाडीत टाकली, टोपी डोळ्यांवर ओढली. गाइड म्हणाली, "तुम्हीही बसा. यात लाज कसली?"

खरंच नव्हती. ते आजोबा माझ्यापेक्षा शहाणे होते. पण मला राहून राहून वाटत होतं, की आज गाडीत बसले, तर पुन्हा शेजारीच बसायचं. मी म्हटलं, "हळूहळू येते." तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, बाकीच्यांना पुढे पाठवलं आणि स्वतः माझ्या मागे राहिली.

इकोवर चढ म्हणजे काय, ते आता कळलं. मोटार नुसती पाठीवर हात ठेवते, बाकी तुमचं तुम्ही. गिअर हलका, पाय भराभर, श्वास मोजून. वळण, मग वळण. ऑलिव्हची झाडं खाली राहिली, वारा वाढला. निम्म्या वाटेवर ती एक रेघ लुकलुकायला लागली. दोनदा उतरून ढकलली. अंगात त्राण नसताना सिलिंडर जिना चढवून नेण्याचा अनुभव आहे ना तुम्हाला? तसं. दुसऱ्यांदा ढकलताना रडू आलं. थकव्याचं नव्हतं ते. मला ती हिरवी सायकल आठवली. भाओजी शिकायला पुण्याला गेले, तेव्हा ती कुठे गेली, कुणाला दिली, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गाइड काही बोलली नाही. पाण्याची बाटली पुढे केली. मग रस्ता सपाटला, आणि समोर डोंगराच्या कुशीत अपिरांथोस.

बाकीचे लोक पाऊण तास आधी पोचले होते. जेवणं होत आली होती. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आजोबांनी खुर्ची ओढून दिली.

या गावाचे बोळसुद्धा संगमरवरी. घरांच्या पायऱ्या संगमरवरी, पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेल्या. १९४१ साली अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरचा नाझी झेंडा रात्रीच्या अंधारात काढून आणणाऱ्या दोन तरुणांपैकी एक, मानोलिस ग्लेझोस, याच गावचा. जन्म १९२२ चा, २०२० पर्यंत जगले. पुरुष कुरुंदाच्या खाणीत कामाला जात. कुरुंद म्हणजे धार लावायचा, घासायचा दगड. आपण नखं घासतो त्या पट्टीवर, पॉलिशपेपरवर हाच. खाणींपासून बंदरापर्यंत दगड उतरवायला तारांवरून टोपल्या सोडत, ते खांब अजून उभे आहेत.

आणि बायका विणत. गावात विणकाम करणाऱ्या बायकांची संस्था आहे. तिथे काळ्या पोशाखातल्या एक आजी मागावर बसल्या होत्या. मी शेजारच्या बाकावर बसले, तर त्यांनी आधी माझ्या कोपराची पट्टी पाहिली आणि चक् केलं. गाइडनं सांगितलं, इथे बायका-पुरुष दोन-दोन ओळींची यमक जुळवलेली गाणी जागच्या जागी रचतात, कोत्साकिया म्हणतात त्यांना. लग्नात, कामात, भांडणातसुद्धा! तुमच्याकडे असतं का असं काही?

मैत्रिणींनो, मला माझी आजी जात्यावर दिसली. मी एक ओवी म्हटली. आवाज काही माझा खास नाही. आजींनी धोटा थांबवून ऐकून घेतली, आणि लगेच आपल्या दोन ओळी फेकल्या. गाइड इतकी हसली, की भाषांतर करेना. शेवटी एवढंच म्हणाली, "नवऱ्यांबद्दल आहे."

संध्याकाळी गाडीनं होराला उतरवलं. नातवाचा ताप उतरला होता, लेक त्याला भरवत होती. हे पोर्तारापाशी जाऊन बसलेत, असं तिनं सांगितलं. दगडी बांधावरून चालत गेले. पाय माझे राहिले नव्हते. हे चौकटीच्या उंबऱ्याशी काठी टेकून बसले होते, समुद्राकडे तोंड करून. माझ्या कोपराकडे पाहिलं. काही विचारलं नाही. जरा सरकून जागा केली.

मग सूर्य पार टेकल्यावर म्हणाले, "उद्या मला मागे बसवून नेशील का? जवळच कुठेतरी."

मी म्हटलं, "त्या सायकलीला कॅरिअरच नाही हो."